पेरणीआधी गेल्या हंगामाचा पंचनामा करा

नवे बियाणे आणायची घाई आता सगळ्यांनाच आहे. त्याआधी गेल्या हंगामात परसबागेत किंवा शेतात जे पीक हातचे गेले, ते कशामुळे गेले हे शोधा. पोटापुरते पिकवणाऱ्या घरात एक वाफा गेला तरी ताटात फरक पडतो. कारण न शोधता तेच पीक त्याच जागी लावू नका.

उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला दिला जातो. खात्री करायची तर शिल्लक बियाण्यातले 100 दाणे निवड न करता उचला. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून ते गुंडाळा, सावलीत ठेवा आणि ओल टिकेल एवढेच पाणी शिंपडा. बहुतेक कडधान्ये आणि तृणधान्ये आठवडाभरात निकाल देतात. 70 च्या वर दाण्यांना सशक्त कोंब आले, तर बियाणे चांगले आहे, दोष पेरणीच्या खोलीत किंवा ओलीत शोधा. दाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. कांद्याचे बी मात्र लवकर जोम गमावते, जुने वापरूच नये.

आता मर. टोमॅटो, वांगी, मिरचीची उभी झाडे एकाएकी माना टाकतात आणि आपण आणखी पाणी सोडतो. आधी बुडाची माती उकरून बघा. ओल असूनही झाड सुकत असेल, तर ते उपटा, बुडाजवळचा वीतभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात त्याचे कापलेले टोक बुडवून धरा. थोड्याच वेळात टोकातून दुधासारख्या पांढुरक्या धारा खाली उतरल्या, तर मर जिवाणूजन्य आहे. त्यावर कोणतीही फवारणी चालत नाही, पैसे वाया घालवू नका. झाडे मुळांसकट काढून नष्ट करा आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीच न लावता मक्यासारखे तृणधान्य घ्या. धारा नाहीत, पण खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता जास्त. तिथे रोगप्रतिकारक वाण आणि फेरपालट, म्हणजे त्या जागी पीक बदलून घेणे, हाच आधार.

झाड उपटलेच आहे तर मुळेही धुऊन बघा. मूळच जागोजाग फुगून गाठाळले असेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत. त्या वाफ्यात आधी झेंडू दाट लावा. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठी पाहून मात्र घाबरू नका. त्या नखाने सहज सुटतात, फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात.

टोमॅटोच्या फळाचे खालचे टोक काळे पडून दबते, त्यावर बुरशीनाशक मारणे व्यर्थ. तो रोग नव्हे, फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे, आणि बहुतेक वेळा मातीत चुना असूनही तसे होते. कधी कोरडे, कधी तुडुंब अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करा, पाणी थोडे पण नेमाने द्या.

भोपळा, काकडीची सुरुवातीची फुले गळतात ती बहुधा नर फुले असतात, त्याची काळजी नको. मादी फुलामागची कोवळी फळे पिवळी पडून गळत असतील, तर परागीभवन कमी पडते आहे. सकाळी फुले उमलली असताना फवारणी टाळा, मधमाश्या वाचतील.

अर्धवट कुजलेले शेणखत टाकू नका. त्यातून तणाचे बी आणि हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, दोन्ही येतात. कुजलेल्या खताला मातीचा वास येतो, हात घातला तर ते गरम लागत नाही.

या वेळी एक वही घाला. वाण, पेरणीची तारीख, पाऊस, पाणी, पहिले लक्षण कधी आणि कोणत्या पानावर दिसले, एवढे लिहा. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची, अशी शंका घ्या. सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करा आणि एक वाफा जुन्याच पद्धतीने ठेवा, म्हणजे काढणीला दोन्हींची तुलना करता येईल.