लिव्हर कॅन्सर आणि पी५३ वर प्रोजेक्ट मिळालाय? सुरू करण्याआधी हे वाचा

एमएस्सीला किंवा पीएचडीच्या सुरुवातीला हा विषय मिळाला की बहुतेकजण आरबी, पीटेन, अ‍ॅक्सिन अशा कॅन्सर रोखणाऱ्या सगळ्या प्रोटीन्सचे रिव्ह्यू डाउनलोड करतात आणि महिनाभरात डोकं जाम होतं. माझं मत, आधी फक्त पी५३ (हेही कॅन्सर रोखणारं प्रोटीनच) धरा आणि लॅबमध्ये कुठल्या सेल लाइन्स (लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी) आहेत ते विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. लिव्हर ट्युमरच्या तीन लाइन्स बघा: हेपजी२ मध्ये पी५३ नॉर्मल आहे, हेप३बी मध्ये ते बनतच नाही, एचयूएच७ मध्ये प्रोटीनच्या २२० व्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल जाऊन सिस्टीन आलंय. मग एकच औषध तिघींना दिलं तर तीन वेगळे रिझल्ट येणारच ना!

वेस्टर्न ब्लॉट (कुठलं प्रोटीन किती आहे ते बँडच्या रूपात दाखवणारी टेस्ट) केला की नवीन मुलं हमखास गोंधळतात. एचयूएच७ मध्ये पी५३ चा जाडजूड बँड आणि हेपजी२ मध्ये अगदी फिका, म्हणजे कॅन्सर रोखणारं प्रोटीन तिथे जास्त? उलट आहे. नॉर्मल पी५३ ला एमडीएम२ हे दुसरं प्रोटीन सतत तोडायला लावत असतं, म्हणून ते कमी दिसतं, बिघडलेलं मात्र पेशीत साचत जातं. त्यामुळे नुसता बँड बघून काही लिहू नका, सोबत पी२१ (पी५३ जे वाढवतं ते प्रोटीन) बघा, ते वाढलं तर पी५३ काम करतंय असं म्हणायला जरा आधार मिळतो (पी२१ इतर मार्गांनीही वाढतं, म्हणून पी५३ नसलेली हेप३बी कंट्रोलला, म्हणजे तुलनेला, ठेवाच).

हा घोळ मोठमोठ्यांचाही झालाय बरं का. १९७९ मध्ये पी५३ सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं समजलं जात होतं, कारण प्रयोगात वापरलेले क्लोन (पी५३ च्या जीनच्या कॉपी) म्यूटंट, म्हणजे बिघडलेले होते! जुना पेपर उघडलात की आधी साल बघा.

लिव्हरची खास गोष्ट म्हणजे कोडॉन २४९, म्हणजे पी५३ च्या जीनमधला २४९ वा तीन अक्षरांचा गट. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असतं, त्यामुळे या कोडॉनमध्ये डीएनएच्या जी अक्षराचा टी होतो आणि आर्जिनीनऐवजी सेरीन येतं. १९९१ मध्ये चीनमधल्या चिडोंगच्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या पेशंट्सच्या ट्युमरमध्ये हे दिसलं, दोन्हीकडे हेपटायटिस बी पण भरपूर होता. एखाद्या विषाची खूण थेट डीएनएवर वाचता येते, मला तरी या विषयातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. पण म्हणून सगळ्या लिव्हर कॅन्सरमध्ये २४९ शोधत बसू नका, जिथे अफ्लाटॉक्सिन कमी तिथे ते क्वचितच मिळतं.

व्हायव्हात हेपजी२ वर प्रश्न येऊ शकतो. ती आता हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे मुख्यतः लहान मुलांमधल्या लिव्हर ट्युमरची मानली जाते, तेव्हा थिसिसमध्ये सरसकट एचसीसी (हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, मोठ्यांमधला नेहमीचा लिव्हर कॅन्सर) लिहू नका. पुण्याच्या एनसीसीएसमधून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल्स मागवा किंवा शेजारच्या लॅबकडून घ्या, एसटीआर प्रोफाइल (पेशी त्याच लाइनच्या आहेत ना ते सांगणारी डीएनए टेस्ट) आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरला लागणारे बॅक्टेरिया) टेस्ट आधी करा. आणि हेपजी२ गुठळ्या करून वाढते, ट्रिप्सिननंतर (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) नीट पिपेटिंग करा, नाहीतर काउंट चुकतो.