यॉर्क एका दिवसात कसं बघायचं: सकाळी लंडनहून निघून रात्री परत

लंडनला मुलांकडे आई-बाबा आले की पहिल्या दोन आठवड्यांत बिग बेन, टॉवर ब्रिज, ग्रीनिच सगळं उरकतं आणि मग प्रश्न पडतो की आता यांना न्यायचं कुठे. बहुतेक जण बाथ नाहीतर ऑक्सफर्ड म्हणतात, त्यात वाईट काहीच नाही, पण मला विचाराल तर यॉर्क. किंग्ज क्रॉसहून फास्ट ट्रेनने साधारण दोन तास, स्टेशनपासून सगळं चालत, आणि रोमन, व्हायकिंग, चर्च, रेल्वे, चॉकलेट असं ज्याला जे हवं ते मिळतं. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, हे शहर पाच वाजता बंद होतं. पब आणि खायच्या जागा चालू असतात हो, पण म्युझियम आणि तिकिटाच्या जागा साधारण पाचपर्यंतच आणि शेवटची एन्ट्री त्याच्याही आधी. म्हणून प्लॅन सकाळपासून पुढे नाही, पाचपासून मागे लावायचा.

१. आधी वार ठरवा

मंगळवार ते गुरुवार बेस्ट. रविवार शक्यतो नकोच, कारण यॉर्क मिन्स्टर म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनांमध्ये असतं, टूरिस्टना दुपारीच आत सोडतात, शिवाय रेल्वेची रुळांची कामं पण रविवारीच निघतात. शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करायला आलेल्या पोरापोरींचे घोळके दुपारपासूनच रस्त्यावर असतात. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या मोठ्या रेसेस असतात तेव्हा ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नाही अशी गत होते. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमस मार्केट, ते छान दिसतं पण एका दिवसात शहर बघायचं असेल तर ती गर्दी तुमचे दोन तास खाते, वर डिसेंबरात चार वाजेपर्यंत अंधार. जून-जुलैमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे पाचनंतरही नुसतं भटकता येतं.

२. ट्रेनचं तिकीट

यात बरेच पैसे वाचतात नाहीतर जातात. ॲडव्हान्स तिकीट काही आठवडे आधी काढलं तर आयत्या वेळच्या भावाच्या कितीतरी कमी पडतं, पण ते त्याच ट्रेनला चालतं, ती चुकली की तिकीट गेलं, हे लक्षात ठेवून परतीची ट्रेन निवडा. माझा सल्ला, जाताना सातच्या आसपासची घ्या म्हणजे नऊ-साडेनऊला पोचाल, आणि येताना सातच्या आधीची घेऊ नका, कारण ते पुढे येईलच. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, भारतीय पासपोर्टवर पण निघतं, वर्षभर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

३. बॅगेत काय

कमीत कमी. रस्ते दगडी, शहराच्या जुन्या तटबंदीवर चढायला जिने, म्हणून चाकाची बॅग नको आणि चपला-सँडल तर नकोच, पकड असलेले बूट घाला. छत्रीपेक्षा टोपीवालं पातळ रेनजॅकेट बरं, तटावर वारा छत्री उलटी करतो. कॅश जवळजवळ लागतच नाही, कार्ड टॅप करायचं. गुडघे दुखणारं कोणी असेल तर त्यांना कुठे बसवायचं ते पण ठरवून ठेवा, त्यासाठी म्युझियम गार्डन्स उत्तम, फुकट आहे, बाक आहेत.

४. सकाळ: तटावरून

स्टेशनच्या बाहेर आलात की समोरच तटबंदी दिसते. ती एकूण साधारण ३.४ किलोमीटर आहे, पूर्ण फिरायला दोन तास जातात, पण पूर्ण फिरायची काही गरज नाही. लेंडल ब्रिज ओलांडून आधी डावीकडे म्युझियम गार्डन्समध्ये शिरा. तिथे रोमनांचा एक बुरूज आहे, त्याचा खालचा भाग छोट्या चौकोनी दगडांचा म्हणजे रोमन आणि वरचा मोठ्या दगडांचा म्हणजे मध्ययुगातला, एकाच भिंतीत हजार वर्षांचा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेजारी सेंट मेरीज ॲबीच्या उरलेल्या कमानी, आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात हा पण गेला. रोमन इथे इसवी सन ७१ मध्ये आले, आणि ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैनिकांनी सम्राट म्हणून इथेच घोषित केलं, त्याचा पुतळा मिन्स्टरच्या बाहेर ऐटीत बसलेला आहे, लोक त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढतात आणि हा कोण म्हणून विचारतात.

गार्डन्समधून निघून बूथम बार या वेशीवर चढा आणि तटावरून मंक बारपर्यंत चाला, वीस मिनिटं फार तर. हाच तुकडा का, तर उजव्या हाताला झाडांमधून मिन्स्टर सतत दिसत राहतं आणि खाली लोकांच्या बागा. तटाला आतल्या बाजूने बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, लहान मुलाचा हात सोडू नका, बाबागाडी तर वर जातच नाही. तट फुकट आहे, अंधार पडायच्या आत बंद करतात आणि बर्फ पडलं असेल तर उघडतच नाहीत.

५. मिन्स्टर, इथे वेळ काढा

दिवसातला एकच मोठा खर्च करायचा असेल तर तो इथे. निदान दीड तास धरा. आजची इमारत १२२० च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही कळस दिसला नाही.

आत गेल्यावर सरळ पूर्वेच्या टोकाला जा. तिथली मोठी खिडकी जॉन थॉर्नटन नावाच्या कोव्हेंट्रीच्या काचकारागिराने १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत केली, जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी काच, वरच्या भागात सृष्टीची सुरुवात आणि खाली जगाचा अंत. त्याला मिळाले एकूण ५६ पौंड, त्यातले १० वेळेत काम पूर्ण केल्याचा बोनस. सहाशे वर्षांपूर्वी बांधकाम वेळेत संपलं आणि त्याचा बोनसही मिळाला, हे वाचून आपल्याकडच्या कोणाही फ्लॅटधारकाला गहिवरून येईल. छोटी दुर्बीण असेल तर न्या, खरंच, वरची चित्रं नुसत्या डोळ्याला लागत नाहीत.

मग दक्षिणेच्या बाजूला या आणि छताकडे बघा. ९ जुलै १९८४ च्या पहाटे इथलं छत आगीत गेलं, वीज पडली असावी असं मानतात. गोल रोझ विंडोची काच हजारो ठिकाणी तडकली पण खाली पडली नाही. नवीन छताला लाकडी कोरीव गोळे लावले त्यातल्या काहींची डिझाइनं मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या स्पर्धेतून घेतली, म्हणून मध्ययुगीन चर्चच्या छतात चंद्रावर उतरलेला माणूस आहे. मुलं सोबत असतील तर त्यांना शोधायला लावा, तेवढाच त्यांचा वेळ जातो.

चॅप्टर हाउस चुकवू नका. आठ बाजूंची खोली, मध्ये एकही खांब नाही, आणि भिंतीवर बसायच्या जागांच्या वर दगडात कोरलेली डोकी, कोणी जीभ काढतंय, कोणी तोंड वाकडं केलंय, प्रत्येक वेगळं. टॉवरवर जायचं का? २७५ पायऱ्या, अरुंद गोल जिना, वेगळं वेळेचं तिकीट. पाय चांगले असतील आणि आकाश मोकळं असेल तरच जा. तिकिटाचं बजेट नसेल तर पूर्ण मिन्स्टर बाहेरूनच बघा आणि संध्याकाळची वाट बघा.

६. जेवण, विशेषतः शाकाहारी लोकांनी हे वाचाच

यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सची बरीच जुन्या वळणाची दुकानं तळण बीफ ड्रिपिंगमध्ये म्हणजे गाईच्या चरबीत करतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. म्हणजे आपण "मासा नको, नुसते चिप्स द्या" म्हणून घेतो ते बटाटेसुद्धा त्यातलेच. काउंटरवर सरळ विचारा की व्हेजिटेबल ऑइल आहे का, ते न चिडता सांगतात. तीच गोष्ट यॉर्कशायर पुडिंगची, नाव पुडिंग पण गोड नाही, अंडं-मैदा-दुधाचं फुगलेलं वाटीसारखं काहीतरी, त्यात अंडं तर असतंच आणि भाजायला चरबी पण वापरतात. बिनघोर खायचं असेल तर जॅकेट पोटॅटो, म्हणजे भाजलेला अख्खा बटाटा, वर चीज आणि बीन्स, पोट भरतं आणि स्वस्त. शॅम्बल्स नावाच्या जुन्या गल्लीच्या मागच्या मार्केटमध्ये स्टॉल आहेत, चौघांना चार वेगळे पदार्थ हवे असतील तर तिथेच जा. किंवा सरळ घरून ठेपले-पराठे न्या आणि गार्डन्समध्ये बसून खा, कोणी काही म्हणत नाही, सीगल आणि खारी तेवढ्या सांभाळा.

बेटीज नावाचं टी-रूम फार प्रसिद्ध आहे, बाहेर रांग हमखास. आफ्टरनून टीसाठी एका दिवसाच्या ट्रिपमधला दीड तास घालवणं मला काही पटत नाही, पण त्यांच्या दुकानातून फॅट रास्कल तेवढा घ्या, मोठ्या स्कोनसारखा असतो, वर चेरीचे डोळे आणि बदामाचे दात.

७. शॅम्बल्स

छोटी गल्ली, पूर्वी खाटकांची. घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असं वाटतं. दुकानांच्या बाहेर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून आहेत, ते बघा, कारण आता खाली निम्म्या दुकानांत जादूच्या कांड्या विकतात. सकाळी दहाच्या आधी नाहीतर पाचनंतर जा, मधल्या वेळात फक्त लोकांच्या पाठी दिसतात. इथेच मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोच्या नावाचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवलं म्हणून १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारलं. दोन मिनिटं आत जाऊन शांत बसा.

८. दुपार: तीनपैकी एकच

लोक सगळंच करायला जातात आणि काहीच धड होत नाही. मुलं असतील तर यॉर्विक व्हायकिंग सेंटर, पण वेळ आधी ऑनलाइन बुक करा. व्हायकिंगांनी हे शहर ८६६ मध्ये घेतलं, आणि ज्या जागेवर १९७०च्या दशकात उत्खनन झालं तिथेच खाली गाडीत बसवून त्या काळचा रस्ता दाखवतात, वासासकट. मुलांना सगळ्यात आवडतो तो काचेत ठेवलेला एका व्हायकिंगाचा वाळून दगड झालेला शी-चा लांबलचक तुकडा, १९७२ मध्ये एका बँकेच्या बांधकामाच्या जागेवर सापडलेला. आजोबांना मात्र हे का दाखवलं म्हणून उत्तर द्यावं लागतं.

रेल्वेवेडे असाल तर नॅशनल रेल्वे म्युझियम, प्रवेश फुकट, स्टेशनच्या मागेच. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनाचा विक्रम करणारं निळं मॅलार्ड तिथे उभं आहे आणि जपानची पहिल्या पिढीची शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन पण. मॅलार्डच्या चाकांशेजारी उभे राहा, चाक माणसाच्या उंचीपेक्षा मोठं आहे. हे करायचं असेल तर मी म्हणेन ट्रेनमधून उतरल्यावर बाकी सगळ्याच्या आधी करा, कारण स्टेशनजवळ आहे म्हणून "जाता जाता बघू" म्हणतो आणि पाचला दार बंद.

तिसरं, क्लिफर्ड्स टॉवर. हिरव्या टेकाडावरचा दगडी बुरूज, छतावरून शहर छान दिसतं. पण वर चढायच्या आधी खालची पाटी वाचा. मार्च ११९० मध्ये शहरातल्या ज्यू लोकांनी जमावापासून जीव वाचवायला इथल्या लाकडी बुरुजात आसरा घेतला होता, सुमारे १५० जण गेले, बऱ्याच जणांनी स्वतःच जीव दिला. त्या टेकाडावर वसंतात डॅफोडिल फुलतात आणि लोक फोटो काढतात, तेव्हा आपल्याला निदान माहीत असावं.

९. साडेपाच

परतीची ट्रेन सातच्या आधीची नको म्हटलं ते यासाठी. बहुतेक दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मिन्स्टरमध्ये इव्हनसाँग असतं, गाण्यातली संध्याकाळची प्रार्थना, पाऊण तासाची, तिकीट नाही, धर्म कोणी विचारत नाही. वीसेक मिनिटं आधी जा, आत जुन्या लाकडी बाकांवर बसवतात. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, फोन बंद, फोटो नाही. दिवसाची वेळ वेबसाइटवर आदल्या दिवशी बघून घ्या, सुट्ट्यांमध्ये बदलते.

तिथून स्टेशन पंधरा-वीस मिनिटं चालत, वाटेत आईस्क्रीम किंवा किटकॅट, काहीही घ्या, किटकॅट १९३५ मध्ये याच गावात राउनट्रीच्या कारखान्यात सुरू झालं. ट्रेन सुटायच्या दहा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर हवे, बोर्डावर प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलतात. आणि लंडनला पोचायला अर्धा तास किंवा जास्त उशीर झाला तर ट्रेन कंपनीच्या साइटवर डिले रिपे भरा, पैसे परत मिळतात, त्यासाठी तिकिटाचा फोटो काढून ठेवा.