'हू'च्या पुढे ॲम, इज की आर?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न सोडवताना हमखास दांडी उडवणारं वाक्य म्हणजे 'इट इज आय हू इज रिस्पॉन्सिबल.' कानाला ठीक वाटतं, पण पाठ्यपुस्तकी व्याकरणाला हवं असतं 'इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल.'

'हू', 'विच', 'दॅट' या संबंधी सर्वनामांना स्वतःचा पुरुष नाही, वचनही नाही. ज्या शब्दाबद्दल ती बोलतात, त्याच्याकडून दोन्ही उसनं घेतात. म्हणून 'हू'वर बोट ठेवा, ते कोणाबद्दल आहे ते मागे शोधा आणि तो शब्द 'हू'च्या जागी घालून वाचा. 'आय ॲम रिस्पॉन्सिबल', म्हणून 'आय हू ॲम'. 'यू आर राँग', म्हणून 'इट इज यू हू आर राँग', मग समोर एकच माणूस का असेना.

मराठीतही हेच चालतं. 'तू, जो कोथरूडला राहतो' लगेच खटकतं, 'राहतोस'च हवं. पण 'मी राहतो' आणि 'तो राहतो' यांत क्रियापदाचं रूप एकच, त्यामुळे नेमक्या 'मी'च्या वाक्यात कान गप्प बसतो. भूतकाळात घातलं की तो जागा होतो: 'मी, जो काल आलो', इथे 'आला' कोणी म्हणणार नाही.

बोलताना इंग्रज सर्रास 'इट्स मी हू इज रिस्पॉन्सिबल' म्हणतात (हा 'मी' इंग्रजीतला, 'मला'वाला). त्याच्यापुढे 'ॲम' लावायचं नाही. परीक्षेत मात्र 'आय हू ॲम'. ऑफिसच्या ईमेलमध्ये दोन्ही अवघडल्यासारखी दिसतात, तिथे सरळ 'आय ॲम रिस्पॉन्सिबल' लिहावं.

नियम कळला की काही जण उलट्या बाजूला घसरतात आणि 'आय ॲम द वन हू कुक' लिहितात. वाक्यात 'आय' आहे खरा, पण 'हू'चं नातं त्याच्या लगेच मागच्या 'द वन'शी आहे, म्हणून 'कुक्स'. हिंजवडीच्या इंटरव्ह्यूत स्वतःची ओळख करून देताना ऐकू येणारं 'आय ॲम अ पर्सन हू लाइक टू रीड' याच जातीचं. तिथे 'लाइक्स' हवं.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते 'वन ऑफ दोज हू'मध्ये. 'रोज सकाळी तळजाईवर फिरायला जाणाऱ्यांपैकी ती एक' असं आपण म्हणतो. 'जाणाऱ्या'त क्रियापदाचं वचन ठरवायची वेळच येत नाही, म्हणून इंग्रजी करताना नजर 'वन'वर अडकते आणि 'वॉक्स' लिहिलं जातं. फिरायला कोण जातं, ते विचारा. बरेच जण जातात, ती त्यांतली एक. म्हणून 'शी इज वन ऑफ दोज हू वॉक ऑन तळजाई'. पण 'द ओन्ली वन' आलं की चित्र पालटतं: 'शी इज द ओन्ली वन ऑफ देम हू वॉक्स', कारण आता जाते ती एकटीच. पहिल्या प्रकारात इंग्रज लोकही पुष्कळदा एकवचन वापरतात आणि काही जाणकारांना ते चालतं. परीक्षेत मात्र अनेकवचनच लिहा.

दोन क्रियापदं असली तर दोघांचे कर्ते वेगवेगळे शोधा. 'ईच ऑफ अस हू लिव्ह इन पुणे हॅज अ शॉर्टकट' यात 'लिव्ह' हे 'अस'चं, 'हॅज' हे 'ईच'चं. 'एव्हरीवन हू' आणि 'एनीवन हू' यांना एकवचन, 'दोज हू'ला अनेकवचन. 'ऑल'चं तसं ठरलेलं नाही: माणसं असतील तर 'ऑल हू आर', सगळं मिळून एक गोष्ट असेल तर 'ऑल दॅट इज'.

'कॅन', 'विल', 'मस्ट' असली तर डोकेफोड नाही, रूप बदलतच नाही. साध्या भूतकाळातही तेच, फक्त 'वॉज' आणि 'वेअर' सोडून: 'इट वॉज आय हू वॉज लेट', पण 'इट वॉज यू हू वेअर लेट'.