घास अडकतो त्याची ॲलर्जी

प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, भाकरी आमटीत पार चुरल्याशिवाय उतरत नाही, पंगत उठली तरी एकाचं ताट अर्धंच. घरात असं कुणी असेल तर 'हळू जेवायची सवय' म्हणून सोडू नका. इथं खानापुरात माझ्या मुलाचं असंच चालायचं. जोडीला लहानपणापासूनचा दमा. शेवटी बेळगावात दुर्बिणीतून तपासलं तेव्हा नाव कळलं: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात साठतात, नळी सुजते. वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर अरुंद होते. दुर्बिणीतून नळी चांगली दिसली तरी अस्तराचे बारीक तुकडे तपासणीला (बायोप्सी) काढून घ्यायला सांगा. वेगवेगळ्या जागांचे किमान ६ तुकडे हवेत. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात १५ किंवा जास्त पेशी दिसल्या तर हा आजार धरतात, दुसरी कारणं तपासून.

ॲसिडिटीच्या गोळ्यांनी काहींची सूज उतरते. आमच्याकडे बुडेसोनाइड हे सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं. नेब्युलायझरची ती छोटी प्लास्टिकची कुपी, पण औषध वाफेतून ओढायचं नाही. वाटीत मधाबरोबर घोटून दाटसर करायचं आणि चमच्याचमच्यानं सावकाश गिळायचं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, औषध नळीला चिकटून राहायला हवं. मग चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. किती कुप्या ते डॉक्टरच ठरवतील.

तिसरा मार्ग पथ्याचा. कशानं होतं ते त्वचेच्या चाचणीतून नीट कळत नाही, पदार्थ बंद करूनच बघावं लागतं. पहिला संशय दुधावर. चहा, दही, ताक, तूप, सगळं बंद. दुधाचा कुंदाही बंद, आणि बेळगावचा पाहुणा कुंद्याशिवाय येत नाही, म्हणून आधीच फोन करून सांगा. ज्वारीची भाकरी, भात, आमटी चालते. गहू बंद करायची वेळ आली तर चपातीबरोबर मांडेही गेले. वाढत्या मुलाचं पथ्य आहारतज्ज्ञाला विचारूनच करा, स्वतःच्या मनानं चार पदार्थ तोडू नका.

बरं वाटलं म्हणून औषध सोडायचं नाही. त्रास कमी झाला तरी आत सूज असू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करतात.

आणि घास अडकून लाळही गिळता येईना, तर वरून केळं किंवा भाताचा गोळा ढकलू नका. थेट दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.