आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी बोलायला लावायचंय? गोव्यात नव्याने लागणाऱ्या टीचरांसाठी थोडं

निर्मलातून नाहीतर फोंड्याच्या दादा वैद्यमधून बीएड करून नुकतेच बाहेर पडला असाल आणि सत्तरी, डिचोली, पेडणे अशा बाजूच्या हायस्कूलात इंग्रजीला लागणार असाल, तर पहिली गोष्ट, समोर गप्प बसलेल्या पोराला इंग्रजी येत नाही असं धरून चालू नका. इकडच्या सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम, पाचवीत गेलं की एकदम सगळं इंग्रजीत. घरी कोकणी, भजनात आणि पेपरात मराठी, सायन्सच्या पुस्तकात इंग्रजी. त्यामुळे आठवीतला पोरगा फोटोसिंथेसिसची व्याख्या घडाघडा लिहून देतो आणि काल काय जेवलास असं इंग्रजीत विचारलं की खाली बघतो. शब्द त्याच्याकडे असतात हो, पण चुकलो तर मागच्या बाकावरचे हसतील ही धास्ती मोठी. टीचर ओरडली तर त्या वयात चालतं, दोस्त हसले तर नाही चालत. म्हणून मी जे काय वर्गात करते ते सगळं एवढ्यासाठीच, की पूर्ण वर्गाने ऐकायच्या आधी पोराचं तोंड दोन-तीनदा हललेलं असावं.

सगळ्यात सोपं आणि फुकट म्हणजे थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात सायन्सच्या वर्गांत मोजून बघितलं होतं, प्रश्न विचारल्यावर टीचर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी पोरंही बोलतात. आपली पोरं तर डोक्यात कोकणीतून इंग्रजीत येतात, मी मनात पाच मोजते. पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं होतं, होऊ दे. नंतर शेजाऱ्याला आधी सांग आणि मग वर्गाला सांग असं करायचं. जोड्या बाकावरच्याच ठेवा, आठवीत मुलगा-मुलगी जोडी लावायला गेलात तर अर्धा पिरियड खिदळण्यात जातो आणि त्या वयात ते आहेच तसं, उगाच अंगावर घेऊ नका.

पावसाळ्यात पळती डिक्टेशन करा. सात-आठ ओळींचा उतारा व्हरांड्यात भिंतीला चिकटवायचा, जोडीतल्या एकाने धावत जाऊन एक वाक्य वाचून डोक्यात ठेवून यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, त्याने लिहायचं, अर्ध्यावर अदलाबदल. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो त्यामुळे हळू बोलून भागतच नाही, सगळेच ओरडत असतात म्हटल्यावर कोण कोणाचं ऐकून हसणार? शेजारच्या वर्गाच्या टीचरना मात्र आधी सांगून ठेवा.

पण माझा आवडता धडा चवथीची, म्हणजे गणपतीची, सुट्टी संपल्यावरचा, माटोळीचा. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती लाकडी चौकट. सत्तरी-फोंड्याकडच्या पोरांना गणपतीवर बांधायच्या रानफळांची जी माहिती असते ती आपल्यातल्या निम्म्यांना नसते. खेळ असा की माटोळीतली एक वस्तू मनात धरायची, नाव घ्यायचं नाही, फक्त इंग्रजीत वर्णन करायचं आणि जोडीदाराने ओळखायचं. चिबूड, आंबाडे, सुपारीचा घोस, कांगणां, काय वाट्टेल ते. इट इज अ फ्रूट व्हिच ग्रोज ऑन अ क्रीपर, यू कॅन नॉट ईट इट, असं आपोआप यायला लागतं, आणि जे वाक्य फळ्यावर रिलेटिव्ह क्लॉज म्हणून लिहिलं असतं तर जांभया आल्या असत्या तेच पोरं भांडून भांडून वापरतात. इथे टीचरला काही कळत नाही आणि पोरालाच सगळं माहीत असतं, म्हणून ते ताठ बसून बोलतं. वर्गात कर्नाटकातून आलेल्या घरांतली पोरं असतातच, त्यांना माटोळी नाही जमणार, त्यांना त्यांच्या गावच्या जत्रेतल्या वस्तू घेऊ द्या. त्याच कारणाने समजावताना सारखी कोकणीवर उडी मारू नका, ती पोरं बिचारी बाजूला पडतात.

पॅसिव्ह व्हॉइसला काजू. बोंडू (काजूची फळं) गोळा केले जातात, बी वेगळी केली जाते, बोंडू मळले जातात, रस गाळला जातो, प्रत्येक पायरीला एक वाक्य, नकाशासारखी चित्रं काढून. पुढचं हुर्राक-फेणीचं, म्हणजे काजूच्या दारूचं, हेडमास्तरांना चालणार नसेल तर नीऱ्यावर, म्हणजे ताज्या रसावर, थांबा :) (फेणीला 2009 मध्ये जीआय टॅग मिळालाय, हे सांगितलं तर कधीकधी चालतं.) फुटबॉलवाली पोरं असतील तर मॅचची मिनिटभराची क्लिप आवाज बंद करून लावा आणि कॉमेंटरी करू द्या, प्रेझेंट कंटिन्युअस वेगळा शिकवावा लागत नाही.

चुकांचं काय करायचं हे सगळे नवीन लोक विचारतात. बोलताना मधेच तोडायचं नाही, कानावर पडेल ते वहीत टिपून ठेवायचं आणि शेवटची पाच मिनिटं, नाव न घेता, दोनच चुका फळ्यावर. दोन कुठल्या ते निवडायला शिका. डिड यू वेंट ही घ्याच, कारण तू गेलास का मध्ये भूतकाळ क्रियापदावरच बसतो, पोरगं तेच उचलून आणतं, एकदा हे दाखवलं की पटकन सुटतं. अ आणि द च्या चुका मात्र वर्षानुवर्षं राहतात, आपल्या भाषांत तसलं काही नाहीच, त्याच्यामागे लागून बोलणं बंद पाडू नका. व्ही आणि डब्ल्यूचा उच्चार मी तर सोडूनच देते, समजतं ना मग झालं.

अगदीच न बोलणाऱ्यांसाठी घरून व्हॉइस नोट, आईबाबांच्या फोनवरून, एक मिनिट, फक्त टीचरला. व्हिडिओ मागू नका. सत्तरीत आतल्या गावांत रेंज नसते, त्यांना दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन बोलायची सवलत ठेवा.

राहिलं पोर्शनचं. दहावीचा बोर्डाचा पेपर लिहायचाच असतो आणि पालक सभेत आमच्या भुरग्याक इंग्लीश येवंक जाय (आमच्या पोराला इंग्रजी यायला हवं) म्हणणारेच नंतर वहीत काही लिहिलेलं दिसत नाही म्हणून तक्रार घेऊन येतात. त्यामुळे रोज पूर्ण पिरियड बोलण्यात घालवू नका, सुरुवातीची दहा मिनिटं पुरे, आणि जे बोलले त्यातलीच चार वाक्यं तारीख घालून वहीत लिहून घ्या, म्हणजे तपासणीला वही मागितली तरी दाखवायला काहीतरी असतं.