वाचक जे टाइप करतो, तेच शीर्षकात घ्या

तंत्रज्ञानावर मराठीत लिहिताय आणि वाचक वाढत नाहीत? नवा लेख लिहिण्याआधी गूगल सर्च कन्सोल उघडा, म्हणजे लोकांनी गूगलवर काय शोधल्यावर तुमची साइट दिसते ते सांगणारं गूगलचं साधन. फुकट आहे, आणि मागच्या 16 महिन्यांचा हिशेब दाखवतं. त्यात ‘इम्प्रेशन्स’ भरपूर पण ‘क्लिक्स’ नगण्य असलेले शब्द हुडकून काढा. म्हणजे लेख लोकांच्या नजरेस पडतोय, पण उघडत कुणी नाही. माझं शीर्षक होतं ‘भ्रमणध्वनीतील साठवणुकीचे व्यवस्थापन’. लोक शोधत होते ‘मोबाईल स्टोरेज फुल झालं काय करू’. तेच शीर्षक दिलं आणि पहिल्या दोन ओळींतच उत्तर: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’, मोठे व्हिडिओ आधी उडवा. प्रस्तावना खुशाल खाली ढकला. शीर्षक बदलल्याची तारीख मात्र वहीत लिहून ठेवा, म्हणजे महिन्याभराने आकडे पडताळता येतील.