जुन्या मशीनसाठी लिनक्स कर्नल निवडताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप. अपडेट केलं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर. अशा वेळी निदान आधीच ठरलेलं असतं: नवा कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला लिनक्सचा गाभा) जुन्या मशीनला झेपत नाही. कधीकधी ते खरंही निघतं. बहुतेकदा मात्र गुन्हेगार दुसराच असतो आणि शिक्षा कर्नलला होते.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाका.)

जुनं मशीन, म्हणून जुना कर्नल

सगळ्यात मोठी चूक हीच. कर्नलचा पसारा वर्षागणिक वाढतो, पण त्यातला बराचसा भाग म्हणजे नवे ड्रायव्हर. ते मॉड्यूलच्या रूपात डिस्कवर पडून असतात आणि तुमच्या मशीनला लागतील तेवढेच मेमरीत येतात. त्यामुळे ६.१२ हा कर्नल ५.४ पेक्षा जड असलाच पाहिजे असं नाही. जुन्या शाखेला चिकटून राहण्याची किंमत मात्र नक्की असते. ४.१९ या दीर्घकालीन (वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेची देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, ५.४ ची डिसेंबर २०२५ मध्ये. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षा त्रुटी मूळ प्रकल्पाकडून त्या शाखांत बुजवल्या जात नाहीत.

हार्डवेअरचा आधार खरोखर काढून टाकल्याची उदाहरणं आहेत, पण ती मोजकी. ३८६ प्रोसेसरला २०१३ मध्ये ३.८ ने निरोप दिला. मॅट्रॉक्स, सॅव्हेज, सिस, इंटेल आय८१० अशा पुरातन ग्राफिक्स चिपचे जुने थ्रीडी ड्रायव्हर २०२३ मध्ये ६.३ मधून गेले. रायझरएफएस ही फाइल सिस्टिम ६.१३ मध्ये गेली. जुन्या डिस्कवर अजून ती असेल, तर डेटा आधी दुसरीकडे हलवा. तुमचं मशीन अशा कुठल्या यादीत बसत नसेल, तर 'जुनं' हे विशेषण कर्नल निवडताना बाजूला ठेवा.

आकड्याची भूल

५.१९ नंतर ६.० आला, म्हणजे काही क्रांती झाली नव्हती. दुसरा आकडा फार वाढला की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पहिला आकडा बदलतात, एवढंच. दुसरी भूल याहून फसवी आहे. वितरणातला (डेबियन, रेड हॅटसारख्या तयार संचातला) कर्नल आणि त्याच क्रमांकाचा मूळ कर्नल एकच नसतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधला कर्नल स्वतःला ४.१८ म्हणवतो, पण त्यात पुढच्या आवृत्त्यांतले ढीगभर बदल मागे आणून बसवलेले आहेत. म्हणून 'अमुक आवृत्तीत वायफाय बंद पडतं' असं कुठे वाचलं, तर ते कुणाच्या कर्नलबद्दल आहे हे आधी बघा.

निवडीचा माझा नियम साधा आहे. आधी वितरणाचा स्वतःचा कर्नल. तो त्रास देत असेल तर देखभाल चालू असलेल्या दीर्घकालीन शाखांपैकी एक वरची आणि एक खालची. पंधरा आवृत्त्या चाळण्यात रविवार जातो, हाती काही लागत नाही.

कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरचा दोष कर्नलच्या माथी

काळ्या स्क्रीनचं हे नेहमीचं कारण. एनव्हीडियाच्या जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० मालिकेतल्या कार्डांना ३४० क्रमांकाचा बंद ड्रायव्हर लागतो. कंपनीने त्याची देखभाल २०१९ अखेर थांबवली. नंतरच्या कर्नलवर तो दुरुस्तीचे पॅच लावल्याशिवाय बिल्डच (कोडपासून तयार) होत नाही. कर्नल ठणठणीत असतो, ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. अशा वेळी कर्नल मागे नेण्याऐवजी आधी नूव्हो हा कर्नलमधलाच मुक्त ड्रायव्हर वापरून बघा. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपचंही हेच दुखणं: नव्या कर्नलची हेडर फाइल नसेल तर डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधणारी सोय) मॉड्यूल बांधू शकत नाही आणि वायफाय गायब होतं. कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते 'एलएसपीसीआय -के' सांगतं.

फर्मवेअर (उपकरणाच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) हा तिसरा भिडू. 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या निरोपांत फर्मवेअर फाइल सापडली नाही अशी ओळ दिसली, तर फर्मवेअरचं पॅकेज टाका. कर्नल बदलून ती फाइल उगवणार नाही.

प्रोसेसरची गोष्टही अशीच. काही जुने पेंटियम एम प्रोसेसर पीएई ही (३२ बिटवर चार जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरू देणारी) सोय असूनही ती जाहीर करत नाहीत, म्हणून ती मागणारा ३२ बिटचा कर्नल त्यांना नकार देतो; तिथे 'फोर्सपीएई' हा पर्याय कामी येतो. डेबियन १३ पासून मात्र ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही मिळत नाहीत.

पर्यायांची खिचडी

कुठेतरी वाचून बूटच्या ओळीत चार-पाच पर्याय एकदम कोंबायचे आणि मशीन चालू झालं की तसंच सोडून द्यायचं. 'नोमोडसेट' (कर्नलला ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवायला सांगणारा पर्याय) हे निदानाचं साधन आहे, इलाज नव्हे. ते कायम ठेवलं तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर कामच करत नाही आणि मग व्हिडिओ अडखळतो म्हणून पुन्हा कर्नलला शिव्या. इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरवरच्या गोठण्याला प्रोसेसरची झोप मर्यादित करणारा पर्याय वापरतात. त्याने गोठणं थांबलं तरी बॅटरी लवकर उतरते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. वहीच, मशीन गोठल्यावर मशीनमधली नोंद वाचता येत नाही.

बूट झालं, म्हणजे पास

इथे मी स्वतः अनेकदा घसरलो आहे. डेस्कटॉप दिसला की हुश्श करायचं आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर मशीन जागंच होत नाही. जुन्या हार्डवेअरवर खरी परीक्षा झोपण्या-उठण्याची. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ६०' ही कमांड मशीनला झोपवून साठ सेकंदांनी उठवते. ती दहा-वीस वेळा चालवा. रीस्टार्ट आणि पूर्ण बंद करून चालू करणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, कारण काही चिप वीज पूर्ण तुटल्यावरच नीट सुरू होतात, तर काही नेमक्या तेव्हाच रुसतात. वायफायवरून मोठी फाइल ओढा, आवाज तपासा, बाहेरचा पडदा लावून काढा. मागच्या बूटमधले कर्नलचे निरोप 'जर्नलसीटीएल -के -बी -१' दाखवतं, पण नोंदी डिस्कवर टिकवण्याची सोय आधीच चालू असेल तरच.

आणि मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. एका मशीनवर मी तीन कर्नल बदलले, शेवटी रॅमची एक पट्टी काढल्यावर सगळे सुतासारखे सरळ चालले.

चालता कर्नल पुसणं

नवा पारखून होईपर्यंत जुना ठेवा. वेगळं बूट विभाजन लहान असेल तर ते भरून अपडेट अर्धवट राहतं, म्हणून जागा आधी बघा. ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रामचा कर्नल निवडायचा मेन्यू लपलेला असेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट, त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयवर एस्केप दाबा. नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटपुरता निवडायला 'ग्रब-रीबूट' आहे. ग्रबच्या माहितीपुस्तिकेनुसार त्यासाठी ग्रबमध्ये ठरलेली निवड 'सेव्हड' ठेवावी लागते.

थेट बायसेक्टवर उडी

दोष खरंच कर्नलचा आहे हे पटलं, आधीचा चांगला आणि नंतरचा बिघडलेला क्रमांक हाती आला, की मग गिट बायसेक्ट, म्हणजे त्या दोघांमधला दोषी बदल शोधण्याचं साधन. एका आवृत्तीत साधारण तेरा-चौदा हजार बदल असतात. दर वेळी निम्मे वगळत गेलं की चौदाएक फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. जुन्या प्रोसेसरवर एक बिल्ड कित्येक तास खातं, म्हणून बिल्ड दुसऱ्या दणकट मशीनवर करा. बिल्ड लहान करणारा 'लोकलमॉडकॉन्फिग' हा पर्याय त्या क्षणी लोड असलेलेच मॉड्यूल ठेवतं. तेव्हा त्याआधी 'एलएसमॉड'ची (लोड असलेल्या मॉड्यूलची) यादी जुन्या मशीनवरून घ्या, आणि ती घेताना प्रिंटर, पेन ड्राइव्ह, हेडफोन सगळं एकदा जोडून घ्या.